चौथा बाजार

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यातले बहुतेक लेखन ती गोळी कधी घ्यावी या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. ती घेतल्यानंतरचे तीन-चार आठवडे, ज्यांत पाळी लांबते किंवा अचानक आधी येते, मध्येच डाग दिसतात, चाचणीची पट्टी एकदा नकार देते आणि तरीही घोर जात नाही, त्या लेखनात सहसा येत नाहीत. जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठी असलेल्या भडगाव तालुक्यात गावोगावच्या आशा, उपकेंद्रांवरच्या परिचारिका आणि रुग्णालयातल्या समुपदेशक यांच्या वाट्याला मात्र नेमका हाच काळ येतो, कारण गोळी बहुधा मेडिकलमधून परस्पर घेतली जाते आणि सरकारी यंत्रणेची आठवण होते ती पाळी चुकल्यावर. या कामात मुरलेल्या कार्यकर्तींना एक गोष्ट लवकरच उमगते, ती अशी की समोर बसलेल्या स्त्रीला औषधाआधी हवा असतो तो दिवसांचा हिशेब. ती दिवस मोजत असते पाळीच्या तारखेपासून, आणि गोळीने नेमकी तीच तारीख निरुपयोगी करून टाकलेली असते.

तातडीचे गर्भनिरोधन म्हणजे असुरक्षित संबंध घडून गेल्यावर, पण गर्भ राहण्यापूर्वी, योजलेला उपाय. भारतात त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी गोळी लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाची असते, म्हणजे शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणाऱ्या कृत्रिम द्रव्याची, आणि तिच्यात त्याची १.५ मिलिग्रॅम मात्रा असते. २००२च्या सुमारास ही गोळी राष्ट्रीय कुटुंबकल्याण कार्यक्रमात आली, २००५ मध्ये ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली, २००७ नंतर आय-पिलच्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींनी तिचे नाव घरोघरी पोहोचवले, आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या घरपोच गर्भनिरोधकांच्या योजनेत ती आशांकडे २ रुपयांना मिळू लागली. त्याच योजनेत तीन निरोधांचे पाकीट आणि रोजच्या गोळ्यांचे महिन्याचे पाकीट यांची किंमत प्रत्येकी १ रुपया ठेवलेली होती. दुसऱ्या एका प्रसिद्ध गोळीच्या नावातच ७२ हा आकडा असल्यामुळे ७२ तासांत केव्हाही घेतली तरी सारखेच, असा समज रूढ झाला. वस्तुस्थिती तशी नाही. गोळी जितकी लवकर घेतली जाते तितकी ती अधिक उपयोगी पडते, पाचव्या दिवसापर्यंत काही उपयोग शिल्लक असतो, पण तो उतरत गेलेला असतो, आणि याच पाच दिवसांत बसवलेली तांबी कोणत्याही गोळीपेक्षा अधिक खात्रीची ठरते, हे मेडिकलच्या काउंटरवर कोणी सांगत नाही.

गोळीचे काम समजून घेतले तर पुढचा सगळा गोंधळ सुटा होतो. स्त्रीच्या बीजकोशातून दर महिन्याला एक बीज बाहेर पडते, त्याला बीजोत्सर्ग म्हणतात. पुरुषबीजे शरीरात साधारण पाच दिवस तग धरू शकत असल्यामुळे बीजोत्सर्गाच्या आधीच्या काही दिवसांतला संबंधही गर्भधारणेला पुरेसा होतो. गोळी हा बीजोत्सर्ग पुढे ढकलते, म्हणजे बीज बाहेर पडेपर्यंत पुरुषबीजे निकामी झालेली असतात. मात्र बीजोत्सर्गाला चालना देणारे संप्रेरक वाढू लागल्यावर ती घेतली तर बीज थांबवता येत नाही, आणि बीजोत्सर्ग होऊन गेलेला असेल तर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. रुजलेल्या गर्भावर तिचा काहीही परिणाम होत नाही, त्यामुळे ती गर्भपाताची गोळी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ही गोळी एकाच मात्रेत घेतलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी एक ते दोन जणींना दिवस गेले होते. हे प्रमाण कमी आहे, पण ते शून्य नाही, आणि सगळा घोर त्या फटीतूनच आत येतो. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते, क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन किंवा फिटवरची काही औषधे चालू असतील तर तिचा प्रभाव कमी पडतो, आणि वजन बरेच जास्त असलेल्या स्त्रियांमध्येही तो कमी दिसतो. यांतली क्षयाच्या औषधाची गोष्ट ग्रामीण भागात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण क्षयाचे उपचार घेणारी स्त्री ही माहिती मेडिकलमध्ये देत नाही आणि तिला तिथे ती कोणी विचारतही नाही.

बीजोत्सर्ग पुढे गेला की पाळीही पुढे जाते, हे उघड आहे. तरीही बहुतेकींची पाळी अपेक्षित तारखेच्या आगेमागे एका आठवड्यात येते. चक्राच्या सुरुवातीला गोळी घेतली तर ती आधी येण्याकडे कल असतो, उत्तरार्धात घेतली तर लांबण्याकडे. त्याशिवाय काहींना गोळीनंतर चार-सहा दिवसांत थोडा रक्तस्राव होतो किंवा नुसते डाग दिसतात. हा स्राव पाळी नसतो, पण तो पाळी समजला जातो, आणि या कामातल्या बहुतेक उशिरा कळलेल्या गरोदरपणांचे मूळ याच गैरसमजात सापडते. स्त्रीला वाटते पाळी आली, सुटलो. मग पुढचा महिना ती त्या दिवसापासून मोजते, तोही जरा लांबला तर गोळीचाच परिणाम असेल म्हणून थांबते, आणि रुग्णालयात पोहोचते तेव्हा दोन महिने उलटून गेलेले असतात. दुसरी चूक याहून कमी ओळखली जाते. गोळीने बीजोत्सर्ग फक्त पुढे ढकललेला असल्यामुळे गोळी घेतल्यानंतरच्या दिवसांतला असुरक्षित संबंध आधीच्यापेक्षा अधिक जोखमीचा असू शकतो; गोळी मागच्या संबंधासाठी असते, पुढच्यांसाठी तिचे संरक्षण नसते. तरीही गोळी घेतली म्हणजे हा महिना निभावला, असेच गृहीत धरले जाते.

आता चाचणीकडे. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावर त्याच्याभोवतीच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करू लागतात, ते रक्तात येते आणि तिथून लघवीत उतरते. रुजण्याची ही क्रिया बीजोत्सर्गानंतर साधारण सहा ते बारा दिवसांत होते, आणि त्यानंतर एचसीजीचे प्रमाण दोन-तीन दिवसांना दुप्पट होत जाते. घरगुती पट्टीवर या संप्रेरकाला पकडून ठेवणारी प्रतिद्रव्ये बसवलेली असतात. लघवीचे दोन-तीन थेंब टाकले की ती ओल पट्टीवरून पुढे सरकते, पट्टी नीट चालली हे दाखवणारी एक रेघ उमटतेच, आणि एचसीजी पुरेसे असेल तर दुसरी उमटते. पुरेसे म्हणजे सर्वसाधारण पट्टीसाठी दर मिलिलिटरला २५ मिलि-आंतरराष्ट्रीय एककांच्या आसपास. दुसरी रेघ फिकी असली तरी ती रेघच असते. मात्र पट्टी तासाभराने पाहिली आणि वाळल्यावर एखादी राखाडी खूण दिसली, तर ती गृहीत धरायची नसते. गोळीतल्या संप्रेरकाने पट्टी खोटा होकार देते, ही भीतीही निराधार आहे. खोटा नकार मात्र सहज मिळतो, आणि त्याचे कारण पट्टी नसून घाई असते.

घाई म्हणजे किती, हे गणित मांडून पाहता येते. संबंधानंतर पाच दिवसांपर्यंत बीज फळू शकते, रुजायला साधारण दहा दिवस, आणि रुजल्यावर लघवीत एचसीजी पट्टीला ओळखता येईल इतके वाढायला आणखी काही दिवस. यांची बेरीज तीन आठवड्यांच्या जवळ जाते. म्हणून शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवसांनी केलेली चाचणी विश्वासार्ह मानली जाते, मग मधल्या काळात पाळी आलेली असो, न आलेली असो, की कसली तरी अर्धवट आलेली असो. गोळीनंतर पाळी अपेक्षित तारखेपेक्षा सात दिवसांहून अधिक लांबली तर चाचणी करावी, हा नियमही सांगितला जातो आणि तो चूक नाही. पण ज्या स्त्रीची पाळी मुळातच दर महिन्याला पुढेमागे होते, जिला आपली मागची तारीख आठवत नाही, किंवा जिने गोळीनंतरच्या डागांना पाळी मानले आहे, तिला त्या नियमाचा उपयोग होत नाही. संबंधाचा दिवस हा एकच दिवस गोळीने हलवलेला नसतो.

प्रश्न असा, की हा दिवस तिला आठवतो का. इथे भडगावच्या बाजूच्या जगण्याची घडण कामाला येते. खान्देशातले पुष्कळ पुरुष सुरतेत, उधना-लिंबायतच्या भागात, यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत काम करतात, काही नाशिक-पुण्याकडे असतात, आणि दिवाळी, आखाजी, लग्नसराई किंवा कापूस वेचणीच्या निमित्ताने चार-आठ दिवसांसाठी घरी येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधले जातात, आणि जावई त्यांना न्यायला येतात. अशा घरांत संबंधाचे दिवस वर्षभर विखुरलेले नसतात. ते सणाला आणि रजेला बांधलेले असतात. इंग्रजी महिन्याची तारीख विचारली तर स्त्री गप्प बसते, पण मालक कधी आले आणि कधी परत गेले असे विचारले की ती तिथीने, वाराने, कोणाच्या हळदीने, अगदी गाडीच्या वेळेसकट सांगते. जुन्या परिचारिका हा प्रश्न असाच विचारतात, आणि त्याचे उत्तर म्हणून शेवटचा दिवस, म्हणजे तो परत गेला त्याच्या आदल्या रात्रीचा, धरतात, कारण मोजायचे ते शेवटच्या संबंधापासून आणि मधल्या दिवसांतले गोळीनंतरचे संबंधही त्यात यायला हवेत. दिवाळीची रजा आठ दिवसांची असेल, गोळी धनत्रयोदशीच्या रात्रीसाठी घेतली असेल आणि नवरा भाऊबीज उरकून दोन दिवसांनी गेला असेल, तर एकवीस दिवस धनत्रयोदशीपासून मोजणे हा नकाराचा खोटा दिलासा विकत घेण्याचा प्रकार होतो.

आठवडे मोजण्याचे साधनही गावात तयारच असते, ते म्हणजे आठवडे बाजार. मात्र नुसते तीन बाजारांनी पट्टी कर असे सांगण्यात एक खोट आहे. संबंध बाजाराच्या आदल्या दिवशीचा असेल तर दुसऱ्याच दिवशी पहिला बाजार येतो आणि तिसऱ्या बाजारापर्यंत जेमतेम पंधरा दिवस भरतात. म्हणून सावध कार्यकर्ती तीन बाजार जाऊ द्यायला आणि चौथ्या बाजाराच्या दिवशी सकाळी चाचणी करायला सांगते. अशा हिशेबात संबंध कोणत्याही वाराचा असला तरी किमान बावीस दिवस झालेले असतात. सकाळची पहिली लघवी घ्यायची ती रात्रभरात एचसीजी साठलेले असते म्हणून, तीन आठवडे उलटल्यावर दिवसातली कोणतीही चालते. पण सकाळ सोयीची असण्याचे खरे कारण वेगळे आहे. सामाईक न्हाणीघर, दाराला कडी नाही, सासू ओट्यावर, अशा घरात पाच मिनिटे पट्टी हातात धरून थांबणे हेच अवघड काम असते, आणि पहाटेचा परसाकडचा वेळ तेवढा स्वतःचा असतो. पट्टी वाचायला लागणारी पाच मिनिटे छापील सूचनांत क्षुल्लक वाटतात. प्रत्यक्षात कित्येक पट्ट्या वाचण्याआधीच पदरात गुंडाळल्या जातात किंवा शेणखड्ड्यात जातात, आणि मग स्त्री पुन्हा दारात उभी राहते. आशांकडे २००८ पासून ‘निश्चय’ नावाची सरकारी पट्टी विनामूल्य असते. ती आशाच्या घरी किंवा उपकेंद्रावर करून घेण्याची मुभा असली, तर चाचणीचा दर्जा पट्टीच्या किमतीपेक्षा त्या बंद होणाऱ्या दारामुळे सुधारतो, असे म्हणायला हरकत नाही.

अर्थात आशा ही त्याच गावची, बहुधा त्याच भावकीतली असते, आणि म्हणून अविवाहित मुलगी तिच्याकडे क्वचितच जाते. ती भडगावातही मेडिकलवर जात नाही. पाचोरा किंवा चाळीसगाव गाठते, कॉलेजच्या पासावर एसटीने, मैत्रिणीला बरोबर घेऊन. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असते, पण त्याच्या दारावरची पाटीच इतकी बोलकी असते की तिथे शिरताना कोण पाहील हा विचार आधी येतो. यावर केवळ पाट्या बदलून उपाय होणार नाही, पण त्या काढल्या तर निदान अपाय थांबेल.

हिशेब बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गोळ्यांची सरमिसळ. गावात तीन अगदी वेगळ्या औषधांना नुसते गोळी म्हटले जाते. एक तातडीची. दुसरी पाळी पुढे ढकलायची, म्हणजे नॉरएथिस्टेरोन या संप्रेरकाची ५ मिलिग्रॅमची गोळी, जी दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतली जाते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. तिसरी गर्भपाताची, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही औषधे एकामागून एक घेण्याची, जी कायद्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. यांतल्या दुसरीचा खप खान्देशात श्रावणात वाढतो याला कारण कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटांसाठी दळण होते, सगळी भावकी एकत्र येते, आणि घरातल्या सुनेला त्याच दिवशी अडचण आली तर सगळ्यांची पंचाईत होते. म्हणून गोळ्या आधीच आणून ठेवल्या जातात. याच सुमारास सणाला आलेल्या नवऱ्याशी संबंध आला, तातडीची गोळीही घेतली गेली, तर एका महिन्यात दोन वेगवेगळी संप्रेरके शरीराचा कालक्रम दोन दिशांना ओढतात. मग जो रक्तस्राव होतो तो कशाचा, याचे उत्तर त्या स्रावाकडे पाहून कोणालाच देता येत नाही. पुन्हा चौथ्या बाजाराची वाट पाहावी लागते.

याहून घातक प्रकार म्हणजे चुकलेली पाळी आणण्यासाठी गोळी मागणे आणि ती दिली जाणे. नॉरएथिस्टेरोनचा कोर्स करून थांबल्यावर गर्भ नसेल तर रक्तस्राव होतो, गर्भ असेल तर होत नाही. म्हणजे हा फक्त एक महागडा, उशिरा निकाल देणारा आणि संशयास्पद गर्भनिदानाचा मार्ग होतो, आणि त्यात दोन आठवडे वाया जातात. या सवयीला इतिहास आहे. जास्त मात्रेतल्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या एकेकाळी जगभर गर्भनिदानासाठी वापरल्या जात; ब्रिटनमध्ये प्रिमोडॉस ही अशीच गोळी जन्मजात व्यंगांच्या आरोपांनंतर १९७८ मध्ये बाजारातून गेली, आणि भारतात ई.पी. फोर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळ्यांविरुद्ध १९८०च्या दशकात स्त्री-संघटनांनी आणि आरोग्यचळवळीतल्या डॉक्टरांनी दीर्घ लढा दिल्यावर त्यांच्यावर बंदी आली. आजच्या गोळ्यांची मात्रा आणि द्रव्य वेगळे असले तरी पाळी आणायची गोळी ही कल्पना त्याच काळातून उरलेली आहे, आणि पाच मिनिटांत उत्तर देणारी पट्टी हाताशी असताना ती टिकून राहावी याचे आश्चर्य वाटते. कदाचित तसे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही: पट्टी मागितली तर गरोदरपणाचा संशय उघड होतो, पाळीची गोळी मागितली तर केवळ पाळीची तक्रार होते.

चाचणीत होकार आला तर त्यानंतर सांगितल्या जाणाऱ्या आठवड्यांवरून जो अनर्थ होऊ शकतो, त्याची जाणीव शहरातल्या डॉक्टरांना कमी असते. वैद्यकात गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची पद्धत आहे, कारण तो दिवस सांगता येतो आणि गर्भ राहिल्याचा दिवस सहसा सांगता येत नाही. याचा परिणाम असा, की गर्भ राहतो त्या दिवशीच स्त्री दोन आठवड्यांची गरोदर धरली जाते. ज्या घरात नवरा लक्ष्मीपूजनाला आला आणि आठवड्याने परत गेला, तिथे त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी केलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर सहा आठवडे लिहिलेले दिसले, तर कागद वाचणारा दीर किंवा फोनवरून ऐकणारा नवरा सहा आठवडे मागे मोजतो आणि तो दिवस दिवाळीच्या आधीचा निघतो. तिच्यावर येणारा आळ खोटा असतो, पण तो छापील कागदाच्या आधाराने येतो. अनुभवी परिचारिका म्हणूनच निकाल सांगतानाच आठवडे कसे मोजले जातात हे स्त्रीला आणि शक्य असेल तर तिच्याबरोबर आलेल्या माणसाला तिथेच समजावते, कॅलेंडरावर बोट ठेवून, कारण घरी गेल्यावर तिला स्वतःचा बचाव करण्यासाठी हे गणित लागणार असते. गोळीमुळे बीजोत्सर्ग उशिरा झाला असेल तर हिशेब उलट्या बाजूनेही चुकतो आणि सोनोग्राफीत वय अपेक्षेपेक्षा कमी निघते. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या सोनोग्राफीतले गर्भाचे मोजमाप साधारण आठवडाभराच्या फरकाने वय सांगते, त्यामुळे अशा वेळी पाळीच्या तारखेपेक्षा त्यावर भिस्त ठेवणे योग्य.

हेच मोजमाप पुढच्या निर्णयासाठीही लागते. औषधांनी होणारा गर्भपात साधारण ९ आठवड्यांपर्यंत करता येतो, आणि गोळीनंतरचे डाग पाळी समजून ज्या स्त्रीने एक महिना गमावला आहे, तिच्या हातून ही मुदत आपण अजून सुरुवातीलाच आहोत असे वाटत असताना निघून जाऊ शकते. १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा गर्भनिरोधक फसल्याचे कारण पूर्वी फक्त विवाहितेसाठी मानत होता; २०२१च्या दुरुस्तीने ती अट काढली, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरेसे ठेवले, आणि स्त्रीची ओळख गुप्त राखणे बंधनकारक केले. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. ती मागितली जाते हा रिवाज आहे, कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात अविवाहित स्त्रियांचा हक्क अधिक स्पष्ट केला, आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवताना तिच्या आणि पालकाच्या विनंतीवरून तिची ओळख उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. जळगाव जिल्ह्यात या कायद्याच्या बाजूला आणखी एक सावट आहे. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली इतकेच प्रमाण इथे निघाले, त्यानंतर लिंगनिदानावरची देखरेख कडक झाली, आणि ते आवश्यकच होते. पण त्या धाकात सहा आठवड्यांचा, लिंग कळण्याचा प्रश्नच नसलेला कायदेशीर गर्भपातही संशयाने पाहिला जाऊ लागला. स्त्री मग परवानगी असलेल्या जागेऐवजी पिशवी साफ करून देणारा कोणी शोधते.

होकार आल्यावर एका बाजूला पोटात दुखत असेल, चक्कर येत असेल, डाग जात असतील, तर आठवड्यांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे लागते, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजला असण्याची, म्हणजे अस्थानिक गर्भधारणेची, शक्यता तपासायला हवी. गोळीमुळे ही शक्यता वाढते असे नाही, पण फसलेल्या गोळीनंतरच्या प्रत्येक गरोदरपणात ती मनात ठेवावी लागते. ज्यांना मूल ठेवायचे असते त्यांच्याबाबत वेगळीच अडचण येते. गोळी घेतली होती म्हणजे बाळात काही तरी व्यंग निघेल, या धास्तीने ठेवायचे असलेले गरोदरपणही संपवले जाते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची ही एक मात्रा गर्भाला अपाय करते असा पुरावा नाही. हे वाक्य रुग्णालयातल्या टेबलापलीकडून एकदा सांगून भागत नाही, ते आईलाही सांगावे लागते आणि सासूलाही.

नकार आला तर काम संपले असे यंत्रणेला वाटते, आणि नेमके तेव्हाच ते सुरू होते. महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाचा भार अजूनही स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर आहे. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींनी ती केलेली आढळली. ऑपरेशन होईपर्यंतच्या पाच-सात वर्षांत, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या मुलाच्या दरम्यान, जोडप्याकडे नियमित असे काही नसते, आणि तातडीची गोळी ती जागा भरते. सुरतेहून वर्षातून तीनदा येणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला रोजची गोळी वर्षभर घेणे निरर्थक वाटते, आणि तिच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. तिला ‘छाया’ ही आठवड्याची, संप्रेरक नसलेली गोळी किंवा ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शन सुचवले जाते. दोन्ही २०१६-१७पासून सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. पण ‘छाया’ने काहींची पाळी लांबते, ‘अंतरा’ने काही महिन्यांनी ती पुष्कळ जणींची पूर्ण थांबते, आणि हे इंजेक्शन देतानाच नीट सांगितले नसेल तर तीच स्त्री पुन्हा पाळी चुकली म्हणून पट्टी मागायला येते. या वेळी मोजायला संबंधाची तारीख नसते. मागच्या इंजेक्शनची तारीख वहीत पाहायची असते, आणि ते वेळेवर घेतलेले असेल तर पाळी न येणे हे इंजेक्शन काम करत असल्याचेच चिन्ह आहे, असे तिला पटवावे लागते. जिने मागच्याच महिन्यात तीन बाजार पाळीची वाट पाहण्यात काढले, तिला हे पटणे सोपे नसते, आणि अशा वेळी अनुभवी परिचारिका वाद न घालता एक पट्टी करून देते.